न्हावाशेवाहून खाणीचा डंपर रस्त्याने न्यायचाय? आधी बांबू घ्या, मग ट्रेलर

परवा पुतण्याचा फोन आला, नुकताच कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागलाय. म्हणाला काका, १०० टनी डंपर आहेत, चार नग, न्हावाशेवाला उतरणार आणि चंद्रपूरकडे खाणीवर जायचेत, पार्टी सकाळपासून रेट मागतेय, काय सांगू? म्हटलं बाबा आत्ता तोंडच उघडू नकोस, आधी त्यांच्याकडून ड्रॉइंग माग. मग तासभर त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाला विचारायचं असेल तर त्याचा तास वाचेल आणि माझाही.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. ओडीसी म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो, नेहमीच्या मापाबाहेरचा माल. ओडीसी म्हटलं की नवीन माणूस वजनाला घाबरतो. वजनाचं काय, एक्सल वाढवले की वजन बसतं, पैसे जास्त लागतात पण बसतं. गाडी अडते ती उंचीवर, वळणावर आणि कागदावरचा आकडा रस्त्यावरच्या आकड्याशी जुळत नाही तिथे. माझ्या इतक्या वर्षांत वजनामुळे गाडी उभी राहिली असं दोनदा झालं असेल, उंचीमुळे किती वेळा ते मोजायचं मी सोडून दिलंय.

आता १०० टनी डंपर म्हणजे काय ते बघा. १०० टन ही त्याची माल वाहायची ताकद, रिकामी गाडी ७० टनांच्या आसपास असते, मॉडेलनुसार कमीजास्त. रुंदी बॉडीसकट साधारण ६ मीटर आणि उंची ५ मीटरच्या वर. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीला कायद्याने रुंदी २.६ मीटर चालते. एक लेन साडेतीन मीटरची, म्हणजे हा डंपर अख्खा उभा केला तर एका बाजूच्या दोन्ही लेन खाऊन टाकतो. बरेच जण विचारतात की इंजिन आहे, चाकं आहेत, मग चालवत का नाही नेत? नाही नेत, कारण एक तर परवानगी नाही आणि दुसरं म्हणजे ते टायर. खाणीच्या टायरला टीकेपीएच नावाचा आकडा असतो, टन गुणिले किलोमीटर प्रतितास, त्याच्या पुढे टायर आतून तापतो आणि थर सुटायला लागतात. खाणीत चार-पाच किलोमीटरची फेरी मारायला बनवलेला टायर डांबरी रोडवर शेकडो किलोमीटर पळवायचा नसतो.

म्हणून डंपर खोलूनच न्यायचा. बॉडी वेगळी, चासी वेगळी, टायर वेगळे, रेलिंग-शिड्या-आरसे वगैरे पेटीत. चासी चाकांसकट ५० टनांच्या आत-बाहेर धरा, बॉडी १५ ते २० टन. इथे एक गोष्ट पार्टीला ऑर्डर द्यायच्या वेळीच सांगायला हवी आणि ती कुणीच सांगत नाही, की बॉडी तुकड्यांत मागवा. मोठ्या डंपरच्या बॉड्या दोन-तीन भागांत येतात आणि साइटवर वेल्डिंग करून जोडतात, ती सोय असते. जोडलेली ६ मीटर रुंद बॉडी बंदरावर उतरल्यावर मग डोक्याला हात लावून काही होत नाही, तिथे गॅस कटर चालवायला कोण देणार? वेल्डिंगचे पैसे वाचवायला गेलेली पार्टी पुढे रस्त्यावर त्याच्या कितीतरी पट घालवते हे मी बघितलंय.

टायरची गंमत सांगतो. २७.०० आर ४९ या साइजचा टायर साधारण २.७ मीटर व्यासाचा आणि दीड टनाच्या वर वजनाचा. नवीन पोरं साध्या ट्रेलरवर आडवा टाकतात, आडवा टाकला की तो २.६ च्या बाहेर गेला, म्हणजे नुसता टायरसुद्धा ओडीसी झाला! लोड बाजूने बाहेर आला तर मोटार वाहन कायद्याच्या १९४ (१अ) खाली २० हजारांचा दंड आहे आणि बाहेर आलेला माल उतरवायला लावतात तो ताप वेगळा. टायर उभे लावायचे, लो बेडवर, दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकून आणि मधून बेल्ट घेऊन. लो बेडच का, तर साध्या ट्रेलरचा फ्लोअर दीड मीटरच्या आसपास असतो, त्यात २.७ मिळवा, म्हणजे उंची ४ च्या वर गेलीच.

चासीला ट्रेलर कुठला लावायचा. साधा मल्टीएक्सल ट्रेलर पुलर, म्हणजे पुढून ओढणारी गाडी, धरून जास्तीत जास्त ५५ टन एकूण वजनाला पास असतो, २०१८ ला एक्सल लोड वाढवले तेव्हापासून. त्यात ट्रेलर आणि पुलरचं स्वतःचं वजन आलं, मग ५० टनाची चासी त्यात कशी बसेल, नाहीच बसत. म्हणून हायड्रॉलिक एक्सल, ज्याला कागदावर मॉड्युलर हायड्रॉलिक ट्रेलर म्हणतात. याला एका एक्सलला १८ टन धरतात. आता इथे हिशोबात नेहमी चूक होते. ६ एक्सल गुणिले १८ म्हणजे १०८ टन, अरे वा खूप झालं, असं नाही. त्या १८ मध्ये एक्सलचं स्वतःचं वजन पण आहे, ते वजा करा, मग उरतो तो माल. तरीही ५० टनाला ६ एक्सल भरपूर होतात, आणि दोन एक्सलमधलं अंतर दीड मीटर धरलं तर ६ एक्सलची लांबी ९ मीटर येते, चासी नीट टेकते. डायरेक्टर लोक म्हणतात ४ मध्ये करा ना, वजन तर बसतंय. वजन बसतं हो, चासी दोन्हीकडून बाहेर लोंबते आणि मग वळणावर शेपूट कुणाच्या तरी दुकानात जाते.

उंचीचा हिशोब कागदावर करा, तोंडी नको. समजा चाकं काढलेली चासी ३.७ मीटर. खाली लाकडी स्लीपर १५ सेंटिमीटर. हायड्रॉलिकचा फ्लोअर चालताना १.२ मीटरच्या आसपास. झाले ५.०५. लोक परमिटच्या अर्जात ३.७ लिहितात, नाहीतर ३.७ अधिक १.२ लिहून स्लीपर विसरतात. १५ सेंटिमीटर म्हणजे किती, तर एक वीत पण नाही, पण गर्डर आणि कॅबिनच्या मध्ये वीतभरच जागा असते बऱ्याचदा. हायड्रॉलिकचा फायदा एवढाच की अडचणीच्या ठिकाणी फ्लोअर खाली घेता येतो, २५-३० सेंटिमीटर, पण तो राखीव ठेवायचा, सर्व्हेच्या, म्हणजे आधी जीपने रस्ता मोजून बघतो त्याच्या, हिशोबात धरायचा नाही. सर्व्हेत धरला की मग रस्त्यावर हातात काहीच राहत नाही.

आता बांबू. सर्व्हेला निघताना जीपच्या पुढे एक सुका बांबू उभा बांधायचा, लोडची उंची अधिक २० सेंटिमीटर इतका, म्हणजे आपल्या उदाहरणात सव्वापाच मीटर. वरच्या टोकाला प्लॅस्टिकची पट्टी. बांबू लागला की थांबायचं, टेप काढायची, वहीत लिहायचं, फोटो घ्यायचा. पुलावरच्या बोर्डावर ५.५ मीटर लिहिलंय म्हणून पुढे जायचं नाही. बोर्ड लावल्यानंतर खाली डांबराचे किती थर पडले ते बोर्डाला माहीत नसतं.

न्हावाशेवाहून निघाल्यावर आपल्या पट्ट्यातला रस्ता असा, करळ फाटा, जासई, गव्हाण फाटा, मग कळंबोली, तिथून नावडे, तळोजा, कल्याण फाटा, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माणकोली आणि मग नाशिक हायवे धरून पडघा, शहापूर, कसारा. नकाशावर बघाल तर पुढच्या नागपूर-चंद्रपूरच्या मानाने हा तुकडा म्हणजे काहीच नाही, पण माझा अर्धा सर्व्हे इथेच जातो. कल्याण फाटा ते शिळफाटा या पट्ट्यात पुलांची, रुंदीकरणाची, पाइपलाइनची काहीतरी कामं चालूच असतात, गेल्या महिन्यात डावीकडून गेलात तर या महिन्यात डावीकडे खड्डा आणि पत्रे लावलेले. मुंब्रा बायपास तर २०१८ ला दुरुस्तीला काही महिने बंदच होता, तेव्हा सगळी अवजड गाड्यांची रांग ऐरोलीकडे वळली होती आणि काय हाल झाले ते ठाण्यातल्या माणसाला सांगायला नको. तेव्हा सर्व्हे जुना वापरू नका. गाडी निघायच्या आठवड्यातलाच पाहिजे, आणि निघायच्या आदल्या रात्री परत एकदा जीप फिरवायची.

हे आदल्या रात्रीचं मी फुकट नाही शिकलो. एकदा सोमवारी सर्व्हे केला, सगळं मोकळं, गुरुवारी रात्री गाडी काढली आणि एका नाक्यावर बघतो तर रस्त्यावर आडवी कमान, कुणातरी स्थानिक नेत्याचा वाढदिवस, लोखंडी पाइपवर पन्नास कार्यकर्त्यांचे फोटो. उंची ४.९. कमान काढायला मंडपवाला पाहिजे, मंडपवाल्याचा फोन बंद, कार्यकर्ते म्हणतात भाऊंना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, भाऊ झोपलेले. सहा तास गाडी तिथे. सकाळी भाऊ स्वतः आले, चहा पाजला, कमान काढून दिली आणि ट्रेलरसोबत फोटो पण काढला. माणूस चांगला होता पण माझी रात्रीची परवानगी संपली होती, मग पुढची रात्र होईपर्यंत अजून एक दिवस तिथेच. गणपती, दहीहंडी, नवरात्र या दिवसांत तर कमानींचं पीक येतं, शक्य असेल तर तेव्हा गाडी काढूच नका.

वायरींचं वेगळं बघावं लागतं. नियमाने रस्ता ओलांडणारी साधी लाइन ५.८ मीटरवर आणि ११ केव्हीची ६.१ मीटरवर हवी. हवी म्हणजे असतेच असं नाही, उन्हाळ्यात तार झोळ घेते. केबलवाल्यांची आणि इंटरनेटची वायर आपली पोरं बांबूने उचलून गाडी खालून काढतात, ते ठीक आहे. विजेच्या तारेला मात्र बांबू लावायचा नाही म्हणजे नाही, सुका असला तरी नाही, पावसाळ्यात तर विचारच नको. महावितरणला आधी अर्ज द्या, शटडाउन घ्या, त्यांचा लाइनमन हजर असेल तेव्हाच गाडी हलवा. रेल्वे फाटक रूटमध्ये आलं तर तिथे हाइट गेज ४.६७ मीटरवर असतो, त्याच्यावर लोड असेल तर रेल्वेची परवानगी आणि वरची पॉवर बंद करून ब्लॉक घ्यावा लागतो, त्याला किती दिवस लागतील ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. फाटक टाळून २० किलोमीटर जास्त गेलेलं परवडतं.

परवानग्या. नॅशनल हायवेसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे एक्सल, वजन, माप, रूट सगळं भरायचं. राज्याचा रस्ता आला की पीडब्ल्यूडी, एमएसआरडीसीचा म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा असेल तर त्यांच्याकडे, शहरातले आतले रस्ते सिडको किंवा महापालिका. आणि ट्रॅफिक पोलिस. इथे नवीन माणूस हमखास फसतो, कारण शंभरेक किलोमीटरात तीन हद्दी लागतात. उरण-पनवेल पासून तळोज्यापर्यंत नवी मुंबई पोलिस, शिळफाटा-मुंब्रा-भिवंडी ठाणे शहर पोलिस, पडघ्यापासून पुढे ठाणे ग्रामीण. नवी मुंबईवाल्यांनी रात्री ११ ते ५ दिलं आणि ठाण्यावाल्यांनी १२ ते ४, तर तुम्हाला खरी वेळ १२ ते ४ चीच आहे, आणि हद्दीवर गाडी उभी करायला जागा कुठे ते आधी ठरवा. तळोजा एमआयडीसीच्या आसपास बघून ठेवा, कल्याण फाट्याला पोचून जागा शोधाल तर शिव्या खाल.

ई-वे बिलाबद्दल, म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाबद्दल, मोठ्याने सांगतो. बिल बनवताना गाडीचा प्रकार निवडायचा असतो, रेग्युलर की ओव्हर डायमेन्शनल कार्गो. रेग्युलरला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, ओडीसीला २० किलोमीटरला एक दिवस. हजार किलोमीटर धरा, रेग्युलर टाकलं तर ५ दिवस, ओडीसी टाकलं तर ५०. पार्टीच्या ऑफिसातला पोरगा सवयीने रेग्युलरवर क्लिक करतो आणि तुमची गाडी अजून इगतपुरीला पण नसते तेव्हा बिल संपलेलं असतं. पकडली तर गाडी अडकवतात आणि दंड टॅक्सच्या दुपटीपर्यंत जातो. माझ्यासोबत एकदा हे झालंय, नशीब की वेळेत लक्षात आलं आणि मुदत वाढवून घेतली. आता बिलाची प्रिंट हातात आली की मी आधी तेवढंच बघतो, बाकी मग.

बंदरावरचं काम थोडक्यात. जेएनपीए, म्हणजे न्हावाशेवाचं बंदर, मुळात कंटेनरचं, त्यामुळे चासी बहुतेक वेळा फ्लॅट रॅकवर, म्हणजे बाजूच्या भिंती आणि छप्पर नसलेल्या कंटेनरवर येते, बाजूने बाहेर आलेली. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद, जहाज यायच्या आधीच फाइल करता येतं, करून टाका, डीओ (डिलिव्हरी ऑर्डर) आणि गेट पास सीएचएच्या, म्हणजे कस्टम एजंटच्या, मागे लागून घ्या. फ्री डेज संपले की रोजचं भाडं सुरू होतं, आणि परमिट जहाज लागल्यावर मागायला गेलात तर ते भाडं तुम्ही भरणार. अर्ज जहाज निघालं त्या दिवशीच करायचा. चासी उचलायला हायड्रा, म्हणजे ती छोटी क्रेन, बोलावू नका, ५० टन उचलणं हे हायड्राचं काम नाही, नीट मोबाइल क्रेन घ्या आणि कंपनीने दिलेल्या लिफ्टिंग पॉइंटलाच हुक लावा. मी एकाला फ्रेमला कुठेही स्लिंग गुंडाळताना बघितलंय, हायड्रॉलिकचे पाइप चेपले सगळे.

बांधताना घाई नको. जगभर धरतात तो हिशोब सोपा आहे, जेवढं वजन त्याच्या ०.८ पट ताकद पुढच्या दिशेला रोखता आली पाहिजे, कारण ब्रेक मारल्यावर माल पुढे येतो, आणि बाजूला व मागे ०.५ पट. चाकं काढून चासी ४० टन राहिली असेल तर पुढे ३२ टन, बाजूला २० टन. ग्रेड ८० ची १३ एमएम चेन १० टन धरते, पण तिरकी बांधली की तेवढी धरत नाही, म्हणून चार चेन मारून काम झालं असं समजू नका. लोखंडावर लोखंड ठेवलं की घसरतं, मध्ये लाकूड किंवा रबर मॅट पाहिजेच. आणि पहिल्या १५-२० किलोमीटरनंतर गाडी थांबवून चेन परत ओढायच्या, लाकूड दबतं आणि चेन ढिल्या पडतात. ड्रायव्हर म्हणेल 'टाइट है साहब', तरी स्वतः हाताने हलवून बघा.

गाडी निघाली की पुढे वाट दाखवणारी पायलट गाडी, मागे एक गाडी, दिवसा लाल झेंडे, रात्री लाल दिवे लोडच्या चारही कोपऱ्यांना. पायलटमधल्या माणसाने फोनवर बोलायचं नाही, वॉकीटॉकी घ्या, मुंब्रा बायपासच्या वळणांवर नेटवर्कचा भरवसा नसतो. टोल नाक्यावर सगळ्यात कडेची रुंद लेन धरायची आणि आधी एक माणूस पाठवून तिथला बॅरिकेड हलवून ठेवायचा.

पुलावर कसं जायचं याचा नियम आहे आणि तो लोक पाळत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोडमध्ये अशा अवजड गाड्यांसाठी खास लोडिंग दिलंय, १८ टनाचे २० एक्सल आणि पुलर मिळून ३८५ टन. ते धरलं तरी अट अशी की गाडी पुलाच्या मध्यरेषेवरून जाणार, मध्यापासून ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त इकडेतिकडे नाही, वेग ताशी ५ किलोमीटर आणि त्या वेळी पुलावर दुसरी गाडी नाही. आपली गाडी त्याच्या निम्म्यानेही नसते, पण जुना पूल त्या लोडिंगवर डिझाइन केलेला असेलच असंही नाही, म्हणून सवय तीच ठेवा. ब्रेक आणि गिअर पुलावर नको, पूल यायच्या आधीच गिअर पाडायचा. मागचे हॉर्न मारणारे मारू देत.

कसाऱ्याला दोन पुलर लावा. एक ओढायला, दुसरा मागे. चढताना मागचा रेटतो, उतार आला की तोच धरून ठेवतो. पैसे वाचवायला एकावर चढवणारे आहेत, मध्ये क्लच गेला की सगळा नाशिक हायवे तुमच्या नावाने थांबतो. पावसाळ्यात डोंगराकडची बाजू सोडून आणि कडेच्या मातीच्या पट्टीवर चाक न जाऊ देता चालवा, ती पट्टी वरून घट्ट दिसते, आत लोणी असतं.

आता सगळे विचारतात ते समृद्धीचं. ७०१ किलोमीटरचा रस्ता, ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा पण सुरू झाला, आमणे म्हणजे आपल्या भिवंडी तालुक्यातच, घाट नाही, नाके नाहीत, कमानी नाहीत, मोह होतोच. पण त्या तुकड्यात आठेक किलोमीटरचा बोगदा आहे, आणि कंट्रोल्ड रस्त्यावर ताशी २० ने चालणारी गाडी म्हणजे मागून १२० ने येणाऱ्या कारला भिंतच. एमएसआरडीसीची लेखी परवानगी हातात असेल तरच त्याचा विचार करा, तोंडी 'जाऊ देतात' यावर गाडी इंटरचेंजला चढवली तर परत उतरवायची कशी? रिव्हर्स घेऊन?

खाणीवर पोचल्यावर लगेच मोकळं वाटतं, पण तिथेच सामान हरवतं. उतरवायच्या आधी गेटवरच डॅमेजचे फोटो, टायर मोजून, पेट्या मोजून, पेट्यांची सीलं बघून बिल्टीवर सही-शिक्का घ्या, तारीख आणि वेळ टाकून. खाणीचा स्टोअरवाला म्हणेल उद्या देतो, उद्या तो सुट्टीवर असतो. आणि आपल्या चेन, टर्नबकल, लाकडी स्लीपर मोजून परत गाडीत चढवा, नवीन पोरं तिथेच सोडून येतात. पुतण्याला म्हटलं, चार नग म्हणजे चार चासी, बॉड्यांचे तुकडे आणि २४ टायर, रेट या सगळ्याचा काढ, नुसत्या चासीचा नको. काल त्याचा परत फोन, ड्रॉइंग आलंय म्हणतो, बॉडी जोडलेलीच येतेय.